'विकमिस्ट' : सत्तर गरीब मुलांच्या शाळेची गोष्ट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेले व्याख्यान.)



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला गेला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका तरुण कार्यकर्त्याने मला हळूच विचारले, "सर, शब्द लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नाही. शब्द 'विकमिस्ट' असाच आहे. इंग्लंडात विंचेस्टर कॉलेज नावाची एक जुनी वसतिगृही शाळा आहे. तिथे जो शिकला, त्याला आयुष्यभर हे नाव लावले जाते. मलाही हा शब्द एम. ए. होईपर्यंत ठाऊक नव्हता. ब्रिटिश मजूर पक्षाचे नेते ह्यू गेट्स्केल यांच्याविषयी वाचत असताना तो प्रथम भेटला. मार्क्सिस्ट असतात, तसा हा एखादा विचारपंथ असावा अशी माझी भाबडी समजूत झाली. ग्रंथालयातला मोठा शब्दकोश उघडला तेव्हा उलगडा झाला. पण पुढे जसजसे वाचन वाढले, तसतसे वाटू लागले की, माझी पहिली समजूत अगदीच चुकीची नव्हती.

एका परदेशी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे नाव हा काही अभ्यासवर्गाचा विषय होऊ शकत नाही, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. माझे म्हणणे एवढेच आहे की, समाजवादी म्हणवणाऱ्या एका मोठ्या पक्षाने खाणी, रेल्वे आणि राष्ट्रीय बँक सरकारच्या मालकीची केली, रुग्णालये सर्वांसाठी खुली केली, आणि तरीही मूठभर शाळांना तो हात लावू शकला नाही, याचे कारण ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याला या शब्दापाशी थांबावेच लागेल.

प्रथम शब्दाची घडण पाहू. चौदाव्या शतकात विल्यम नावाचा एक मनुष्य हॅम्पशर परगण्यातल्या विकम या गावी सामान्य घरात जन्मला. बांधकामावरची देखरेख करता करता तो राजाच्या मर्जीत आला, विंचेस्टरचा बिशप झाला आणि पुढे राज्याचा चॅन्सेलरही झाला. गावाच्या नावावरून लोक त्याला विल्यम ऑफ विकम म्हणत. त्याच्या नावापासून 'विकमिस्ट' हा शब्द आला. इंग्रजीत तो ज्या अक्षरांनी लिहितात, ती वाचून नवखा माणूस 'विकेहॅमिस्ट' असा काहीतरी उच्चार करतो. योग्य उच्चार शाळेतल्याला किंवा त्या वर्तुळातल्याला येतो. म्हणजे शब्द उच्चारताक्षणीच आतला कोण आणि बाहेरचा कोण हे कळून चुकते.

असे शब्द आणखी आहेत. चार्टरहाउस शाळेचा तो 'कार्थूझियन', श्रूझबरी शाळेचा तो 'सॅलोपियन', डलिच कॉलेजचा तो, एडवर्ड ॲलिन या नटाने ती संस्था स्थापली म्हणून, 'ॲलेनियन'. ईटनचा इटोनियन आणि हॅरोचा हॅरोव्हियन हे त्यातल्या त्यात जगाला परिचित. या शब्दांमागे 'ओल्ड' हे विशेषण लावले की माणूस जन्मभराचा सभासद होतो. विंचेस्टरमध्ये तर शाळेची स्वतंत्र बोलीच आहे. तिला 'नोशन्स' म्हणतात. नव्या मुलाने ती पाठ करायची आणि त्याची परीक्षा द्यायची, अशी तिथे दीर्घकाळ रीत होती. शाळेतल्या पोराला त्या बोलीत 'मॅन' म्हणजे पुरुष म्हणतात आणि संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळेला 'टॉयटाइम' म्हणतात. बाहेरच्याला हे सारे पोरकट वाटेल. पण ज्या समाजात आपण जन्मलो, तिथे आडनाव विचारण्यामागे काय हेतू असतो हे आपल्याला शिकवावे लागत नाही. जात जन्माने मिळते आणि हे नाव फी भरून मिळते, हा फरक मी विसरत नाही. तथापि, अनोळखी माणसाशी बोलण्याआधी त्याची जागा ठरवून टाकणे, हे काम दोन्ही नावे सारख्याच निष्ठेने करतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो. १३८२ साली विकमने शाळेची सनद केली आणि १३९४ साली विद्यार्थी नव्या इमारतीत राहावयास गेले. ही शाळा कोणासाठी होती? सत्तर गरीब व गरजू विद्यार्थ्यांसाठी. हे सनदेतच होते. प्लेगच्या साथीने धर्मोपदेशकांची संख्या रोडावली होती. खेड्यापाड्यांतली हुशार मुले उचलून त्यांना लॅटिन शिकवावे, पुढे ऑक्सफर्डला आपणच स्थापलेल्या न्यू कॉलेजात पाठवावे, असा बिशपचा बेत होता. शाळेच्या खर्चासाठी त्याने जमिनी लावून दिल्या. सत्तर गरीब मुलांबरोबर सरदार-उमरावांची दहापर्यंत मुले स्वतःच्या खर्चाने शिकू शकतील, अशी एक लहानशी सवलतही नियमांत ठेवली. मित्रहो, अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या सवलतीत पुढच्या सहाशे वर्षांचा इतिहास दिसतो. कारण या कथेत ते दहा वाढत गेले आणि ते सत्तर मूळचे राहिले नाहीत.

विंचेस्टरचे अनुकरण करून सहाव्या हेन्री राजाने १४४० साली ईटन स्थापन केले, तेही सत्तर गरीब विद्यार्थ्यांसाठी. लॉरेन्स शेरिफ नावाच्या किराणा व्यापाऱ्याने १५६७ साली रग्बीची आणि जॉन लायन नावाच्या शेतकऱ्याने १५७२ साली हॅरोची शाळा गावच्या मुलांसाठी काढली. इंग्लंडच्या श्रीमंतांच्या ज्या शाळा आज जगात नावाजलेल्या आहेत, त्यांतल्या कित्येकींच्या पायाच्या दगडावर 'गरीब' किंवा 'गावकरी' हा शब्द कोरलेला आहे, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे.

मग गरीब गेले कुठे? त्यांना कोणी एके दिवशी हाकलून दिले नाही. तसे झाले असते तर दंगा झाला असता. गरिबांचे जाणे तीन टप्प्यांनी, आणि प्रत्येक वेळी सुधारणेच्या नावाने झाले.

पहिला टप्पा वशिल्याचा. शिष्यवृत्तीच्या जागा नेमणुकीने भरल्या जात, आणि नेमणारे आपल्या ओळखीच्यांची मुले नेमत. संस्थापकाच्या वंशजांना तर खास हक्क होता. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू राहिला.

दुसरा टप्पा गुणवत्तेचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वशिला बंद करून विंचेस्टरच्या शिष्यवृत्त्या स्पर्धापरीक्षेने देण्यास प्रारंभ झाला. यात वाईट काय, असे कोणीही विचारील. वशिल्यापेक्षा परीक्षा केव्हाही न्याय्य. पण परीक्षा होती लॅटिन आणि ग्रीकची, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी या भाषांत प्रावीण्य कोणाच्या मुलाला येणार? ज्याला आठव्या वर्षापासून फी भरून पूर्वतयारीच्या शाळेत ठेवले असेल त्यालाच. अशा रीतीने गरिबांसाठी ठेवलेला पैसा सुखवस्तू घरांतल्या हुशार मुलांना बक्षिसासारखा मिळू लागला. सनदेतला 'गरीब' हा शब्द कोणी खोडला नाही. त्याचा अर्थ तेवढा बदलला.

तिसरा टप्पा कायद्याचा. क्लॅरेंडन आयोगाने १८६१ ते १८६४ या काळात नऊ नामांकित शाळांची चौकशी केली आणि १८६८ साली पार्लमेंटने त्यांपैकी सात शाळांसाठी पब्लिक स्कूल्स कायदा केला. या सातांत विंचेस्टर होतेच. कायद्याने नव्या नियामक मंडळांना जुने नियम बदलण्याचा अधिकार मिळाला. रग्बी आणि हॅरो येथे गावच्या मुलांचा जो पिढीजात हक्क होता, तो आटला. त्यांच्यासाठी त्याच गावांत संस्थापकांच्या नावाने वेगळ्या, दुय्यम शाळा निघाल्या. हॅरोची १८७६ साली आणि रग्बीची १८७८ साली. ज्याच्या नावाने शाळा उभी राहिली त्या किराणा व्यापाऱ्याचा नातू-पणतू आता शेजारच्या शाळेत जाणार, आणि मूळ शाळा देशभरच्या धनिकांची होणार!

आता या शाळांचा आपल्याशी काय संबंध आला ते थोडक्यात सांगतो. हेलिबरी येथे ईस्ट इंडिया कंपनीचे कॉलेज होते. तिथे १८०५ सालापासून १८३४ साली मृत्यू येईपर्यंत माल्थस अर्थशास्त्र शिकवीत असे. त्या कॉलेजातून तयार होऊन आलेल्या प्रिंगल या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात, आपल्या इंदापूर तालुक्यात, खंडाच्या नव्या सिद्धान्तावर बेतलेली जमीनमहसुलाची आकारणी लागू केली. वर्गात सिद्धान्त निर्दोष होता. इंदापुरात मात्र महसुलाचा बोजा न पेलवल्याने शेतकरी जमिनी सोडून गेले आणि काही वर्षांतच गोल्डस्मिड यांना ती आकारणी दुरुस्त करावी लागली. कंपनीचे कॉलेज बंद पडल्यावर त्याच इमारतीत १८६२ साली हेलिबरीची शाळा निघाली आणि तिच्यातून पुढे क्लेमंट ॲटली बाहेर पडले. ज्यांच्या पंतप्रधानकीत आपल्याला स्वातंत्र्य मिळाले, ते ॲटली जन्मभर अभिमानी हेलिबरियन होते.

१९४६ सालचे दृश्य डोळ्यांपुढे आणा. ॲटली यांनी पाठवलेले त्रिमंत्री शिष्टमंडळ मार्च महिन्यात दिल्लीत उतरले. स्टॅफर्ड क्रिप्स हे विकमिस्ट. भारतमंत्री पेथिक-लॉरेन्स हे इटोनियन. तिसरे ए. व्ही. अलेक्झांडर हे लोहाराचे पुत्र; तेराव्या वर्षी शाळा सोडून नोकरीला लागलेले आणि सहकारी चळवळीतून वर आलेले. त्यांच्यासमवेत चौथी खुर्ची व्हाइसरॉय वेव्हेल यांची, आणि वेव्हेल हे पुन्हा विकमिस्ट! चाळीस कोटींच्या देशाचे भवितव्य ठरविण्यास बसलेल्या चार इंग्रजांपैकी दोघे एकाच शाळेचे होते. त्या शाळेत एका वेळी काहीशे मुले शिकत असत. १९१९ च्या सुधारणांना ज्यांचे नाव आहे, ते व्हाइसरॉय चेम्सफर्डही विंचेस्टरचेच. समोरच्या बाजूला बसलेले पंडित नेहरू हॅरोचे. त्यांना १९४२ साली अहमदनगरच्या किल्ल्यात टाकणाऱ्या सरकारचे प्रमुख चर्चिल हेही हॅरोचे.

यावरून मी असे म्हणत नाही की, एका शाळेची माणसे एका विचाराची असतात. क्रिप्स आणि वेव्हेल यांचे परस्परांवर तिळमात्र विश्वास नसल्यासारखे वर्तन होते. क्रिप्स इतके डावे की १९३९ साली त्यांच्याच पक्षाने त्यांना काढून टाकले. जोमो केन्याटांचा खटला लढविणारे वकील डी. एन. प्रिट विकमिस्ट होते, आणि मजूर सरकारात मंत्रिपद भूषवून पुढे इंग्लंडात फॅसिस्ट संघटना काढणारे ओस्वाल्ड मोस्लेही विकमिस्ट होते. शाळेने मते शिकवली नाहीत. मते कोणतीही असोत, निर्णय जिथे होतात त्या मेजाभोवती आपली खुर्ची असणारच, हा विश्वास शाळेने दिला. मेज बदलले, बाजू बदलल्या, खुर्ची कायम राहिली. सत्ताधारी वर्ग म्हणजे एकमताची टोळी, असे जे आपण सभांतून सोपे करून सांगतो, ते म्हणूनच अपुरे आहे. खरा सत्ताधारी वर्ग आपला विरोधकही आपल्याच घरात वाढवतो.

आता मजूर पक्षाकडे वळू. मी ज्यांची पुस्तके वर्गात शिकवली, त्यांच्यापैकी टॉनी रग्बीचे, बेव्हरिज चार्टरहाउसचे आणि केन्स ईटनचे. कलकत्त्यात जन्मलेल्या टॉनींनी १९३१ साली समतेवर ग्रंथ लिहिला आणि या शाळांवर कठोर टीका केली. म्हणजे दुखणे पक्षाला ठाऊक नव्हते असे नाही. १९४२ साली शिक्षणमंत्री बटलर यांनी फ्लेमिंग समिती नेमली. या समितीने १९४४ साली शिफारस केली की, पब्लिक स्कूलांनी आपल्या पंचवीस टक्के जागा सरकारी शाळांतल्या मुलांना द्याव्यात. हे बंधन ऐच्छिक होते. खर्चाचा मोठा भार स्थानिक स्वराज्य संस्थांनी उचलायचा होता. आपल्या गावातली शाळा गळकी असताना दूरच्या श्रीमंत शाळेची फी कोणती नगरपालिका भरणार? योजना कागदावर विरली.

१९४५ साली मजूर पक्ष प्रचंड बहुमताने सत्तेवर आला. यासारखी संधी त्याच्या इतिहासात ना आधी आली ना नंतर. बँक ऑफ इंग्लंड १९४६ साली सरकारची झाली, खाणी १९४७ साली, रेल्वे १९४८ साली. जुलै १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. शाळांना मात्र कोणी हात लावला नाही. १९४७ ते १९५० अर्थमंत्री क्रिप्स, आणि ते आजारी पडून गेल्यावर १९५१ पर्यंत अर्थमंत्री गेट्स्केल. लागोपाठ दोन विकमिस्ट! गेट्स्केल यांनी १९५१ च्या अंदाजपत्रकात कोरियाच्या युद्धामुळे वाढलेल्या संरक्षणखर्चासाठी दातांच्या कवळ्यांवर आणि चष्म्यांवर आकार बसवला. त्याच्या निषेधार्थ राजीनामा देणारे अन्यूरिन बेव्हन हे तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत उतरलेले कामगार होते. गेट्स्केल अप्रामाणिक होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापाशी त्यांचा हिशेब होता. परंतु म्हाताऱ्या खाणकामगाराची कवळी ज्याला हिशेबात दिसते, त्याला आपल्या शाळेला धर्मादाय म्हणून मिळणारी करमाफी त्याच हिशेबात का दिसत नाही, हा प्रश्न विचारणे आपले काम आहे.

हे ढोंग होते, असे उत्तर देणे फार सोपे आहे. मला ते पटत नाही. क्रिप्स यांची राहणी साधी, निष्ठा कडक. माझ्या मते कारण असे आहे की, माणूस ज्या घरात वाढतो त्या घराच्या भिंती त्याला दिसेनाशा होतात. खाण ही त्यांना संस्था म्हणून दिसत होती, मालकीचा प्रश्न म्हणून दिसत होती. शाळा त्यांना आपल्या बालपणासारखी दिसत होती. बालपणाचे राष्ट्रीयीकरण कोण करतो?

पुढे १९६४ साली विल्सन यांचे सरकार आले. मंत्रिमंडळात क्रॉसमन आणि डग्लस जे हे दोन विकमिस्ट होतेच. १९६५ साली शिक्षणमंत्री क्रॉसलंड यांनी दोन गोष्टी केल्या. परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळा बंद करून सर्वांच्या समान शाळा कराव्यात असे परिपत्रक काढले आणि पब्लिक स्कूलांसाठी मात्र आयोग नेमला. एकाला परिपत्रक, दुसऱ्याला आयोग. आयोगाने १९६८ साली निम्म्या जागा साहाय्यप्राप्त मुलांना द्याव्यात असे सुचवले. अहवाल फडताळात गेला. योगायोग असा की, याच वर्षांत आपल्याकडे कोठारी आयोग काम करीत होता. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. १९६६ च्या त्या अहवालाने समान शाळांची शिफारस केली. तिचेही काय झाले, हे आपण जाणता.

येथे थोडे अर्थशास्त्र सांगणे भाग आहे. फ्रेड हर्श या अर्थतज्ज्ञाने १९७६ साली 'स्थानमूलक वस्तू' ही कल्पना मांडली. धान्य वाढले तर सर्वांना अधिक मिळू शकते. पण रांगेतला पहिला क्रमांक वाढवता येत नाही. तो एकाला मिळतो तो दुसऱ्याचा जाऊनच. तमाशाच्या फडात पुढचा माणूस उभा राहिला की मागच्यालाही उभे राहावे लागते, आणि शेवटी सगळे पाय दुखवून तेवढेच पाहतात. या शाळा जे विकतात त्यात चांगले शिक्षण आहे, यात वाद नाही. विंचेस्टरमध्ये 'डिव्ह' नावाचा एक रोजचा तास असतो. त्याची परीक्षा नसते. इतिहास, साहित्य, विचार यांची मोकळी चर्चा असते. असा तास प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शाळेत असावा असे मला वाटते, आणि तो सर्वांना देता येईल. परंतु वर्षाला पन्नास हजार पौंडांहून अधिक पैसे पालक मोजतात ते केवळ या तासासाठी नव्हे. ते रांगेतल्या जागेसाठी मोजतात. इंग्लंडात शंभरातली सुमारे सात मुले खासगी शाळांत जातात, आणि २०१९ सालच्या एका पाहणीनुसार वरिष्ठ न्यायाधीशांपैकी पासष्ट टक्के त्या शाळांतले होते. 'विकमिस्ट' हा शब्द म्हणजे त्या जागेची पावती होय.

पावतीवर आता नवी नावेही येत आहेत. २०२२ ते २०२४ या काळात पंतप्रधान असलेले ऋषी सुनक विकमिस्ट आहेत. त्यांचे वडील डॉक्टर आणि आई औषधविक्रेती. विंचेस्टरमध्ये २०२२ सालापासून वरच्या वर्गांत मुलींनाही प्रवेश मिळू लागला. गरजू मुलांना फीमाफीही मिळते. रंगाची आणि लिंगाची भिंत खाली येणे ही चांगलीच गोष्ट आहे आणि तिचे स्वागत आपण कद्रूपणाने करू नये. फक्त फीची भिंत तशीच आहे, आणि इतर भिंती खाली आल्या म्हणून ती अधिक निर्दोष दिसू लागली आहे.

१ जानेवारी २०२५ पासून तिथल्या मजूर सरकारने खासगी शाळांच्या फीवर वीस टक्के मूल्यवर्धित कर बसवला. त्या पैशातून सरकारी शाळांत साडेसहा हजार नवे शिक्षक नेमण्याचे आश्वासन आहे. पक्षाने उचललेले हे एक ठोस पाऊल, म्हणून मी त्याचे समर्थन करतो. पण त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्या वस्तूचे मोल तिच्या दुर्मिळतेत आहे, ती महाग केल्याने तिचे मोल घटत नाही. कराने तिजोरीत पैसा येईल. जेमतेम फी परवडणारा मध्यमवर्ग काही प्रमाणात बाहेर पडेल. आणि विंचेस्टरसारख्या शाळेचे नाव आणखी दुर्मिळ होईल. रांग मोडायची असेल तर रांगेच्या शेवटी जे आहे ते, म्हणजे नोकऱ्या, विद्यापीठे, न्यायासने, त्या नावाला मिळेनासे झाले पाहिजे.

आता थोडे आपल्याविषयी. १९३५ साली डेहराडूनला डून स्कूल निघाले, त्याचे पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट ईटनहून आणले गेले होते. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनाही स्वतंत्र नाव आहे, 'डॉस्को'. म्हणजे रोप इकडेही लागले आहे. फ्लेमिंग समितीचे पंचवीस टक्के मात्र आपण ऐच्छिक ठेवले नाहीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ते विनाअनुदानित खासगी शाळांना बंधनकारक केले. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना या बंधनातून मोकळे करण्याचा घाट घातला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला. न्यायालयात ही लढाई जिंकली गेली, कारण हक्क कायद्यात होता. विकमच्या सनदेतही 'गरीब' हा शब्द होता. फरक असा की, त्या शब्दावर पहारा ठेवणारे सहाशे वर्षांत कोणी नव्हते.

शेवटी एक कबुली. मी तीस वर्षे समान शिक्षणावर भाषणे केली, आणि माझ्या मुलाला मात्र नगरपालिकेच्या शाळेत घातले नाही. त्या वेळी माझ्यापाशी कारणे होती: वर्गात शिक्षक नव्हता, छत गळत होते, मूल एकदाच लहान असते. ती सर्व कारणे खरी होती. पण माझ्यासारखे चार बोलके पालक त्या शाळेतून निघून गेल्यावर छत दुरुस्त करा म्हणून मुख्याधिकाऱ्यांच्या दारात जाणार कोण होते? क्रिप्स आणि गेट्स्केल यांना आज जो प्रश्न मी विचारला, तो मी स्वतःला त्या वेळी विचारला नव्हता. म्हणून त्यांच्याविषयी बोलताना माझा आवाज फार चढत नाही, हे आपल्या लक्षात आले असेल.

कार्यकर्त्यांनी येथून जाताना तीन गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. आपल्या भागातल्या खासगी शाळांत पंचवीस टक्क्यांच्या जागा खरोखर कोणाला मिळतात, गरिबाला की गरिबीच्या दाखल्याला, याची नावनिशीवार यादी करावी. आपल्या जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक म्हणून किंवा मदतनीस म्हणून वर्षभर बसावे. आणि एखाद्या विश्वस्त संस्थेला गरिबांच्या नावाने जमीन किंवा करमाफी मिळाली असेल, तर तिची मूळ अट काय होती ते सरकारी कागदांतून काढून दर वर्षी जाहीर सभेत वाचून दाखवावे. 'गरीब' या शब्दाचा अर्थ बदलू लागला, की तो पहिल्या वर्षीच लक्षात आला पाहिजे, सहाशे वर्षांनी नव्हे.